उत्तरकालीन नुकसान

ताशयुवा, १९ ऑक्टोबर

लेवेंत,

हे पत्र रजिस्टर्ड पाठवते आहे, म्हणजे घेताना तुला सही करावी लागेल. फोन तू उचलत नाहीस. संदेश वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. वर 'दादा' लिहायला हवं होतं. लिहिलं होतं, मग खोडलं, मग कागदच बदलला. खाडाखोड केलेला कागद मी कोणाला पाठवत नाही.

मुद्दा आधी सांगते. आपल्या घराच्या धाब्यावरचा दगडी रूळ परत हवा आहे. बर्फ पडायच्या आत.

शनिवारी दोन दिवसांसाठी म्हणून आले, तर बाबांचं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीशेजारी.

"इथे ऊब असते," ते म्हणाले.

"ऑक्टोबरात?"

"म्हाताऱ्याला सप्टेंबरातही थंडी वाजते, पोरी. आणि ते मोठ्या खोलीचं दार ओढून घे. आत पसारा आहे."

मी दार उघडलं. गालिचे गुंडाळून एका कोपऱ्यात उभे केलेले. जमिनीवर तांब्याचं घंगाळ, दह्याची बादली आणि आईची परात, आणि तिन्हींत ठिबकणारं तपकिरी पाणी. भिंतीवर ओघळ. जिथे तुझा पदवीचा फोटो होता तिथे नुसता खिळा. फोटो बाबांनी स्वयंपाकघरात नेऊन उशाशी लावला आहे. तो अगदी कोरडा आहे, काळजी करू नकोस.

धाबं कसं असतं हे तुला सांगायची गरज नाही, म्हणूनच सांगते. जुनिपरच्या तुळया, त्यांवर काटक्या, गवत आणि वर हातभर खारी माती. पाऊस पडला की माती फुगते, वाळली की तडकते. पाऊस थांबल्याबरोबर, ती ओली असतानाच रूळ फिरवला तर भेग धरत नाही. नाही फिरवला तर पुढचा पाऊस घरात येतो. आपल्या गावात हे कोणी शिकवत नाही. चालायला शिकतात तसं सगळे शिकतात. तूही शिकलास. आई पुढून दोरी ओढायची, तू मागून ढकलायचास, आणि मला कठड्याशी बसवून ठेवायचात कारण मी लहान होते.

आईबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ऑगस्टात काय झालं ते मला झेलिहामावशीने सांगितलं. तिचं अंगण आणि आपलं धाबं एकाच पातळीत, त्यामुळे तिला या घरातलं सगळं वरून दिसतं.

"चहाच्या दुकानात उभा राहिला तुझा भाऊ," ती म्हणाली. "म्हणाला, हे रूळ म्हणजे वरच्या जुन्या शहरातले खांब आहेत, दोन हजार वर्षांचे. ते धाब्यावर लोळवणं शोभत नाही. चौकात मांडू, बाहेरून लोक बघायला येतील. आता बेकिरचा लेवेंत मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आम्हीच उतरवले. ट्रॅक्टर माझ्या पुतण्याचा. डिझेलचेसुद्धा घेतले नाहीत त्याने."

"आणि पाऊस आल्यावर काय करणार होतात?"

"ऑगस्टात पाऊस कोणाला आठवतो गं?" मग म्हणाली, "तो दगडांचा डॉक्टर ना? त्याला म्हणावं, दगड बरे आहेत. माणसं भिजलीत."

हाच माझा आक्षेप आहे. परक्या प्राध्यापकाने रूळ मागितले असते तर गावाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तुला दिले, कारण तू बेकिरचा. ऑगस्टात पाऊस आठवायची जबाबदारी तुझी होती. त्यांनी तुझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला आणि तू त्यांच्या धाब्यांवरून रूळ नेऊन सरकारी यादीत नोंदवलेस.

काल पाऊस थांबल्यावर बाबा वर गेले. जुने बूट, हात पाठीशी बांधलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावत चालत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, ओल्या मातीवर. मी उतरा म्हटलं.

"चालतोय नुसता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

पायांनी माती दबते, पण सारखी दबत नाही. टाचेखाली खळगा होतो आणि खळग्यात पाणी साचतं. मला हे माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

रजा वाढवली आहे. ऑफिसचं मी बघेन. तू रूळ पाठव.

येलिझ


ताशयुवा, ४ नोव्हेंबर

लेवेंत,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे मला नाही, बाबांना. आणि पत्र नाही, फोन. आणि रूळ नाही, ताडपत्री.

मी समोरच बसले होते. तुझं बोलणं ऐकू आलं नाही, बाबांचं ऐकलं. "ठीक आहे रे बाळा. हो, हो. थोडंसं. नाही, ती उगाच घाबरते, तुला माहीत आहे ती कशी आहे. तू जेवतोस ना वेळेवर?" फोन ठेवून ते मला म्हणाले, "बघ, लगेच पाठवतोय." जणू तू चंद्र पाठवत होतास.

तुझ्या उत्खननाचा रखवालदार दुसऱ्या दिवशी ताडपत्री टाकून गेला. बाबांनी स्वतः अंथरली, कडेने दगड ठेवले आणि दिवसभर चहाच्या दुकानात सांगत राहिले की मुलाने पाठवली. मी सांगितलं की खालची माती ओली आहे आणि घरात चूल पेटते. ती वाफ वर जाऊन ताडपत्रीखाली अडकणार, आणि पाणी बाहेरून यायच्या ऐवजी आतूनच तयार होणार. बाबा म्हणाले, "एवढा शिकलेला मुलगा उगाच पाठवेल का?" तीन दिवसांनी सगळ्या छताला घाम फुटला. काटक्यांना बुरशीचा वास येतो आहे. बाबा शुक्रवारच्या नमाजाला गेले तेव्हा मी ती काढली आणि घडी करून अंगणात ठेवली. परत आल्यावर त्यांनी घडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ती नेऊन सरपणावर घातली. सरपण उत्तम कोरडं आहे.

तुझ्या माहितीसाठी: गाव हातावर हात ठेवून बसलेलं नाही. गावप्रमुख म्हणून मुख्तार हालिसने डांबराच्या पिंपात काँक्रीट भरून रूळ बनवला. मी आधीच म्हटलं होतं की पिंपाची कड माती कापेल. तो म्हणाला, "इंजिनीअरबाई, तुम्ही कागदावर बघा, आम्ही धाब्यावर बघतो." पिंपाने माती कापली, तिसऱ्या फेरीला दांडा निसटला आणि पिंप कठडा तोडून त्याच्याच खुराड्यावर पडलं. कोंबड्या वाचल्या. हालिस चार दिवस माझ्याशी बोलला नाही आणि आता मला 'इंजिनीअरबाई' न म्हणता 'येलिझ' म्हणतो.

नंतर झेलिहामावशीने बायका जमवल्या. धाब्यावर एका रांगेत, हातात हात अडकवून, खांद्याला खांदा, एक पाऊल पुढे आणि तिथेच तीनदा पाय आपटायचा. लग्नात नाचतात तसं, फक्त वाद्यं नव्हती. मावशी माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "तुझ्या लग्नात नाचायचं म्हणून गुडघे जपले होते. आता धाब्यावरच वापरून घेते, तिकडची आशा नाही." सगळ्या हसल्या. मीही त्या रांगेत होते. पाच धाबी झाली, आणि मग दोन दिवस कोणालाही जिना चढवेना. त्या रात्री पुन्हा पाऊस झाला.

काल चौकात जाऊन तुझी बाग पाहिली. सगळे रूळ ओळीने उभे केलेत, खाली काँक्रीटचा चौथरा, चौथऱ्यात दिवे. आडवी लोळणारी वस्तू उभी कशी दिसते ते तू एकदा नीट बघ. आपला रूळ डावीकडून चौथा. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. पाटीवर लिहिलं आहे: 'स्तंभाचा तुकडा. रोमन काळ. दोन्ही टोकांना उत्तरकालीन नुकसान.'

ते नुकसान म्हणजे खाचा, लेवेंत. दांड्याच्या खिट्ट्या बसाव्यात म्हणून बाबांच्या आजोबांनी छिन्नीने कोरलेल्या. एका बाजूची जरा वाकडी आहे, म्हणून आपला रूळ नेहमी डावीकडे ओढायचा आणि तू वैतागायचास. तुझे हात त्या दांड्यावर सोलून निघाले होते. तू पाटी लिहिलीस, किंवा लिहिलेली वाचून सही केलीस. दोन्हींतलं काय, ते मला ठरवता येत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझा राग कमी होत नाही.

मावशी बरोबर होती. तिने भाजीची पिशवी तिच्या रुळावर टेकवली तर रखवालदार ओरडला, "मावशी, हात लावायचा नाही."

"हात?" ती म्हणाली. "अरे, चाळीस वर्षं पायाने ढकललाय त्याला. कधी तक्रार केली नाही त्याने."

नोंद झालेली वस्तू राज्याची, ती परत देता येत नाही, हे कायद्याचं कलम तू मला पाठवणार असशील तर पाठवू नकोस. मला ते पाठ आहे. नोंद तू केलीस. करण्याआधी ती वस्तू धाब्यावर होती.

येलिझ


ताशयुवा, २३ नोव्हेंबर

लेवेंत,

पहिला बर्फ पडला. मोठ्या खोलीची मधली तुळई गेली.

तुटताना आवाज झाला नाही, हे बाबा सारखं सांगताहेत. सकाळी चूल पेटवत होते, मागे काहीतरी गळून पडल्यासारखं वाटलं म्हणून दार उघडलं तर आकाश. आईच्या गालिचे विणायच्या मागाकडचा कोपरा पूर्ण खाली आला आहे. माती, काटक्या, बर्फ, सगळं मागावर. भिजलेली माती कोरड्या मातीपेक्षा किती जड असते हा हिशोब मी तुला मांडून दाखवू शकते, पण तो वाचून तुला बरं वाटेल की हा भौतिकशास्त्राचा प्रश्न होता. बाबा त्या खोलीत झोपत असते तर त्यांच्या उशाची जागा ती होती. ते तिथे नव्हते, कारण ते महिनाभर आधीच गळतीने बाहेर निघाले होते. त्यामुळे एका अर्थी तू त्यांचा जीव वाचवलास. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे.

उरलेल्या तुळयांना पॉप्लरचे टेकू दिले आहेत. हालिस आणि त्याचे दोन मेहुणे दिवसभर राबले. मी मापं सांगत होते, ते मुकाट्याने कापत होते. टेकू हिवाळा काढतील. पण वरून पाणी येतच राहिलं तर टेकूवर उभं राहायला छतच उरणार नाही.

बाबांना मी कोन्याला माझ्याकडे चला म्हटलं.

"तिथे काय करू?"

"काही करू नका. कोरडे राहा."

"घर बंद केलं की घर जातं, पोरी. तूच हे सरकारी लोकांना सांगत फिरतेस ना?"

सांगते. रिकामं घर दोन हिवाळ्यांत पडतं हे माझ्या प्रत्येक अहवालात असतं. बाबा माझे अहवाल ऐकतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, या घरात फक्त तुझेच कागद वाचले जातात.

झेलिहामावशी चालली. तिचं धाबं अजून उभं आहे, पण तिचा मुलगा अंताल्याहून गाडी घेऊन आला आणि म्हणाला, मी असं तुला ठेवणार नाही. बकऱ्या हालिसला दिल्या. जाताना ती आपल्या दारात आली, बाबांना म्हणाली, "बेकिर, मी उन्हाळ्यात येते." बाबा म्हणाले, "ये." दोघांनाही खोटं बोलता येत नाही, म्हणून दोघं जमिनीकडे बघत होते. तिचं अंगण आता पांढरंशुभ्र आहे, एकही पाऊल नाही. तो बर्फ वितळेल तेव्हा आपल्या भिंतीत येईल.

मी हालिसला विचारलं की गावात कोणी धाब्यावर लोखंडी पत्रे का टाकत नाही. कारण मला माहीत होतं, मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"संरक्षित गाव ना हे," तो म्हणाला. "पत्रा दिसला की उत्खननवाले संरक्षण समितीला कळवतात, समिती खटला घालते. आणि उत्खननवाले म्हणजे आता कोण? तुझाच भाऊ. त्याच्या तोंडावर कोण पत्रा चढवणार? रूळ नाही, पत्रा नाही. आता त्यालाच विचार, छत्री चालते का."

मी आजवर प्रत्येक गावात पत्र्यांविरुद्ध बोलले आहे. पत्रा उन्हाळ्यात भट्टी करतो, भिंतींना घाम आणतो, गाव कुरूप करतो. मला धाबी आवडतात. ती माणसाने सतत लक्ष द्यावं अशी मागणी करतात आणि लक्ष दिलं तर शंभर वर्षं टिकतात, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त आवडतं. हे तुला सांगायचं कारण नव्हतं. सांगितलं.

आज निमंत्रणपत्रिका आली. जाड कागद. 'ताशयुवा पाषाण उद्यान, उद्घाटन.' मागे तुझा फोटो, रुळांच्या ओळीत उभा. डिसेंबरात उद्घाटन कशाला, विचारलं तर हालिस म्हणाला, वर्षाच्या आत निधी संपवायचा असतो. बाबांनी पत्रिका तुझ्या पदवीच्या फोटोच्या चौकटीत खोचली आहे आणि लग्नातला कोट उन्हात घातला आहे.

तू येणार आहेस, तर घरी ये. मोठ्या खोलीत ये. मी दार ओढून घेणार नाही.

येलिझ


ताशयुवा, ११ डिसेंबर

लेवेंत,

तू होतास तेव्हा मी बोलले नाही. अधिकाऱ्यांसमोर भांडायची माझी पद्धत नाही, आणि बाबांनी माझ्याकडून आदल्या दिवशी शब्द घेतला होता. तो शब्द उद्घाटनापुरता होता. ते संपलं आहे.

भाषण चांगलं केलंस. भुरभुर बर्फात लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, कढईत गहू-मटणाचं केश्केक शिजत होतं, आणि तू म्हणालास की या दगडांना त्यांचा मान परत मिळाला. बाबा पहिल्या रांगेत होते. टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी वाजवल्या. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचा कोट खांद्यावर ओला होता, आणि तो बर्फाने नाही, कपाटात ओल आली आहे म्हणून.

मग तू घरी आलास, संग्रहालयाच्या माणसाला घेऊन. मोठ्या खोलीच्या दारात तू थांबलास, ते मी पाहिलं. मागाकडे बघितलंस आणि रुमाल काढलास. तुला एवढं तरी वाटलं हे मी नोंदवते, कारण मला न्यायाने वागायचं आहे. पण मग तू आत जायच्या ऐवजी पिशवीतून कागद काढलास.

त्यानंतरचं मी शब्दशः लिहिते. तू आपल्या सोयीने आठवू नयेस म्हणून.

"बाबा, मार्ग काढलाय," तू म्हणालास. "रूळ तुमच्याकडे तात्पुरता ठेवायला देता येतो. खास बाब म्हणून. इथे फक्त सही करा."

बाबांनी चष्मा लावला. "काय लिहिलंय यात?"

"औपचारिक आहे हो. नेहमीचा मसुदा."

संग्रहालयाचा माणूस सज्जन होता, त्याने वाचून दाखवलं. वस्तू राज्याची. ताबा तात्पुरता, वर्षभराचा. ताबेदाराने वस्तू कोरड्या, आच्छादित जागी ठेवावी, पाऊस आणि बर्फ यांपासून तिचं रक्षण करावं, कोणत्याही कामासाठी वापरू नये.

हालिस दाराशी उभा होता. त्याला खोकला आला.

"बाबा, ते सगळ्याच कागदांत असतं," तू म्हणालास. "कोण बघायला येणार आहे? तुम्ही फिरवा खुशाल."

"म्हणजे सही करायची, की फिरवणार नाही. आणि मग फिरवायचा."

"हो. म्हणजे, तसंच."

"आणि हा कोणाचा म्हणून लिहिलाय?"

"राज्याचा. कायदाच तसा आहे."

"मी कोण?"

उत्तर त्या माणसाने दिलं, "ताबेदार."

बाबांनी कागदाची जशी होती तशी घडी घातली आणि दोन्ही हातांनी तुझ्याकडे परत दिला, पाहुण्याची विसरलेली वस्तू द्यावी तसा. "चहा घ्या, साहेब," ते म्हणाले. त्या माणसाकडे बघून नाही. तुझ्याकडे बघून.

तू हसलास, मग हसणं थांबवलंस. चहा अर्धा ठेवून गेलास. रस्ता बंद होईल म्हणालास. रस्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडा होता.

आता तू गेल्यानंतरचं. बाबांनी तुझा पेला स्वतः धुतला. फोटो उतरवला नाही. तू समजतोस तसे ते नाहीत. सकाळी न्याहारीला ऑलिव्ह पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "पत्रे कुठे मिळतात गं?"

मी त्यांच्याशी वाद घातला. मी, तुझ्या बाजूने. उन्हाळ्यात तापतील म्हटलं. दुपारी मी झाडाखाली असतो, म्हणाले. गारा पडल्या की खूप वाजतात. वाजू देत, एकटं माणूस घरात, काहीतरी वाजलेलं बरं. शेवटी म्हटलं, बाबा, या गावात पत्रा टाकणं गुन्हा आहे, खटला होईल, आणि तक्रार कोण करेल हे तुम्हाला माहीत आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझं जे आहे ते मला उसनं देणाऱ्याचा कागद घरात ठेवून मी कोरडा राहणार नाही. त्यापेक्षा खटला बरा. खटल्यात निदान घर माझं म्हणून लिहितील."

या माणसाने माझ्या आठवणीत तुझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. आई गेली आणि तू तिसऱ्या दिवशी, दफन होऊन सगळे परतल्यावर आलास, तेव्हाही दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की लेवेंतचं विमान चुकलं. तुझं विमान चुकलं नव्हतं. परिषदेतलं तुझं व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं, आणि ते इंटरनेटवर आहे. त्यांनी ते पाहिलं आहे. मला वाटायचं, मी एकटीने पाहिलं.

तर आराखडा मी केला आहे. लाकडी सांगाडा, त्याचा सगळा भार बाहेरच्या दगडी भिंतींवर. जुन्या तुळयांवर काही नाही, त्यांत एकही खिळा जाणार नाही. खालची माती तशीच राहील, मध्ये हवा खेळायला हातभर जागा. पुढेमागे कोणाला शहाणपण आलं तर चार माणसं दोन दिवसांत सगळं उतरवतील आणि खाली धाबं जिवंत सापडेल. यापेक्षा चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. ते बेकायदा आहे. आराखड्यावर माझी पूर्ण सही आहे आणि परवाना क्रमांकही, कारण निनावी काम मी करत नाही. माझ्या ऑफिसला मी स्वतः कळवलं आहे. पुढे काय होईल ते मला माहीत आहे, आणि तो तुझ्याशी बोलायचा विषय नाही.

हालिसने विचारलं, त्याच्या घराला असाच सांगाडा बसेल का. त्याच्या मेहुण्यांनीही विचारलं. मी सांगितलं, आधी बेकिरच्या घराचं काय होतं ते बघा.

ताशयुवात पत्रा दिसला तर समितीला कळवणं हे उत्खननाच्या उपप्रमुखाचं कर्तव्य आहे. ते न केल्यास तुझं पद जाऊ शकतं, हेही मी वाचून ठेवलं आहे. लाल पत्रा आहे, चौकातून दिसेल, तुझ्या दिव्यांच्या उजेडात तर नीटच दिसेल. तेव्हा दिसला नाही असं तुला म्हणता येणार नाही. तक्रारीचा अर्ज तुला भरावा लागेल. पहिल्या रकान्यात तक्रारदाराचं नाव, त्याखाली त्याच्या वडिलांचं नाव. चौथ्या रकान्यात घरमालकाचं नाव. दोन्ही ठिकाणी तुला एकच नाव लिहायचं आहे: बेकिर ओयमान. स्वतःच्या हाताने, दोनदा.

पत्रे गुरुवारी येताहेत.

येलिझ